आकाश मोजणारी माणसे : ओझोनच्या थराची हानी आणि भरपाई



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांना पाहण्याचा योग मला आला नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मात्र पुष्कळ ऐकले आहे. शाळेच्या आवारात त्यांनी पर्जन्यमापक बसवला होता. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा आणि वहीत लिहायचा. पाऊस नसेल तर शून्य लिहायचे, पण रकाना मोकळा सोडायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. आजचा विषय ठरवताना हा दंडक माझ्या मनात होता. ओझोनच्या थराचे जे काही बरे झाले, ते रकाना मोकळा न सोडणाऱ्या माणसांमुळे झाले, असे माझे मत आहे. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात पुण्यापासून करू. शिवाजीनगरच्या वेधशाळेला जुने पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, कारण हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तेथे आले. या कार्यालयाच्या उपकरण विभागात १९४८ पासून अ‍ॅना मणी नावाच्या विदुषी काम करीत होत्या. त्यांचा जन्म त्रावणकोर संस्थानातला, संशोधनाचे धडे बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली आणि पुढे इंग्लंडात घेतलेले. पर्जन्यमापक, वायुभारमापक ही साधी उपकरणेसुद्धा तेव्हा परदेशातून येत. ती येथेच आणि अचूक बनली पाहिजेत, यासाठी त्यांनी उमेदीची वर्षे खर्ची घातली. चुकीचे मोजमाप हे न मोजण्याहून वाईट, अशी त्यांची धारणा होती. साठच्या दशकात त्यांनी भारतीय बनावटीचा ओझोनसोंद तयार केला.

हे यंत्र कसे चालते ते जरा जवळून पाहू. एका हलक्या पेटीत छोटा पंप असतो आणि पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाची लहानशी कुपी. पेटी हायड्रोजनच्या फुग्याला बांधून सोडतात. फुगा वर जाताना पंप बाहेरची हवा द्रावणातून खेळवतो. हवेत ओझोन असेल तर आयोडीन मोकळे होते आणि अगदी क्षीण विद्युतप्रवाह वाहू लागतो. ओझोन जितका जास्त, तितका प्रवाह जास्त. हा आकडा रेडिओवरून खाली येत राहतो. तीस किलोमीटरच्या आसपास फुगा फुटतो, तोवर प्रत्येक उंचीवरचा ओझोन कागदावर उतरलेला असतो. पुणे, दिल्ली आणि तिरुवनंतपुरम येथून असे फुगे सोडले गेले आणि पुढे अंटार्क्टिकावरच्या आपल्या मैत्री केंद्रावरूनही. अ‍ॅना मणींच्या आधीच्या पिढीत के. आर. रामनाथन यांनी याच खात्यात ओझोनचा अभ्यास केला होता. पुढे ते अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक आणि आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्ष झाले. ओझोनला भोक पडल्याची बातमी जगाला कळण्याच्या कितीतरी आधी ही माणसे आकाश मोजत होती.

आता ती मोजत होती ते काय, हे थोडक्यात सांगतो. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनच्या रेणूत तीन. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर सूर्याचे प्रखर अतिनील किरण ऑक्सिजनचे रेणू फोडतात आणि सुटे अणू दुसऱ्या रेणूंना चिकटून ओझोन तयार होतो. हा ओझोन सूर्याचे घातक अतिनील किरण शोषून घेतो. तो शोषतो म्हणून आपल्या त्वचेचा, डोळ्यांचा, पिकांचा आणि समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा बचाव होतो. एवढी मोठी कामगिरी करणारा हा वायू किती आहे? सगळा गोळा करून जमिनीवरच्या दाबाला आणि शून्य अंश सेल्सिअस तापमानाला आणला, तर जेमतेम तीन मिलिमीटरचा थर होईल, एकावर एक ठेवलेल्या एक रुपयाच्या दोन नाण्यांएवढा. तो मोजायचे उपकरण ऑक्सफर्डच्या डॉब्सन यांनी १९२० च्या दशकात बनवले, म्हणून त्याचे एककही डॉब्सनच. तीन मिलिमीटर म्हणजे ३०० डॉब्सन एकके. आपल्याकडे विषुववृत्ताजवळ हा आकडा साधारण २५० ते २८० च्या घरात असतो.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत, कारण शाळेच्या निबंधांपासून भाषणांपर्यंत ते सर्रास आढळतात. पहिला असा की, ओझोनला भोक पडले म्हणून पृथ्वी तापते. तसे नाही. पृथ्वी तापते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनसारख्या वायूंमुळे. या दोन प्रश्नांचा संबंध आहे, पण तो वेगळ्या वाटेने. त्याकडे मी पुढे येतो. दुसरा गैरसमज असा की, भोक आपल्या डोक्यावर होते. ते अंटार्क्टिकावर पडले आणि दरवर्षी तेथील वसंत ऋतूत, सप्टेंबर-ऑक्टोबरात पडते. २२० एककांहून कमी ओझोन असलेल्या प्रदेशाला 'भोक' म्हणायचे, अशी शास्त्रज्ञांनी सीमा ठरवली आहे. विषुववृत्ताच्या पट्ट्यात ओझोन फारसा घटला नाही. तरीही हा प्रश्न आपला का आणि कसा झाला, हेच या गोष्टीचे मर्म आहे.

ओझोन घटला, यात दोष कोणाचा होता? सुरुवातीला कोणाचाच नव्हता, असे म्हणावे लागेल. १९२० च्या दशकात फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असे वायू भरत. गळती झाली की माणसे मरत. त्यावर तोडगा म्हणून अमेरिकेत थॉमस मिजले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये क्लोरोफ्लुरोकार्बन शोधला. तो विषारी नाही, पेट घेत नाही, कशाशी संयोग पावत नाही. १९३० मध्ये मिजले यांनी रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत हा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. सुरक्षिततेचा याहून चांगला पुरावा कोणता देणार? फ्रिज, एसी, फवाऱ्याचे डबे, गादीचा फोम, इलेक्ट्रॉनिक भाग धुण्याचे द्रव अशा शेकडो ठिकाणी तो पोहोचला.

पण जो वायू कशाशीही संयोग पावत नाही, तो जातो कुठे? हा प्रश्न विचारायला चाळीस वर्षे लागली. १९७१ मध्ये शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक 'शॅकलटन' या जहाजातून ब्रिटनहून अंटार्क्टिकाकडे निघाले आणि स्वतः बनवलेल्या अतिसंवेदनशील उपकरणाने वाटेत हवा मोजत गेले. प्रत्येक ठिकाणी क्लोरोफ्लुरोकार्बन सापडला. आकडा वाचून कॅलिफोर्निया विद्यापीठाचे शेरवूड रोलंड आणि त्यांचे तरुण सहकारी मारिओ मोलिना यांनी गणित मांडले. हा वायू खाली विरघळत नाही, म्हणजे वर्षानुवर्षे वर चढत राहणार. वर अतिनील किरण त्याला फोडणार आणि क्लोरीनचा अणू सुटा होणार. हा अणू ओझोनमधला एक ऑक्सिजन ओढून घेतो, नंतर तो सोडून पुन्हा मोकळा होतो आणि दुसऱ्या ओझोनकडे वळतो. असा एक अणू सुमारे एक लाख ओझोनरेणू नष्ट करू शकतो. जून १९७४ मध्ये 'नेचर' नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला. उद्योगांनी तो उडवून लावला. पुरावा कुठे आहे, असे विचारले आणि दहा वर्षे विचारत राहिले. याच काळात, १९७५ मध्ये, वीरभद्रन रामनाथन या भारतीय शास्त्रज्ञाने दाखवून दिले की हे वायू उष्णताही अडवून धरतात आणि तेही कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट.

पुरावा सापडला तो अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरील बर्फावर, हॅली या ब्रिटिश केंद्रात. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षानिमित्त ते केंद्र उभे राहिले आणि तेथे डॉब्सनचे उपकरण बसले. शास्त्रज्ञ जो फार्मन यांनी ती मोजणी पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालू ठेवली. त्यातून काही शोध लागेल अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती आणि असल्या जुन्यापान्या कामावर पैसा का घालवायचा, असा सूरही निघत असे. जोनाथन शँकलिन हा तरुण १९७७ मध्ये रुजू झाला तो साठलेल्या कागदांचे आकडे संगणकात भरण्यासाठी. आकडे मांडता मांडता दिसू लागले की ऑक्टोबरातला ओझोन वर्षागणिक खाली येतो आहे. पहिली शंका उपकरणावर आली. उपकरण जुने होते, म्हणून दुसरे नेले. त्यानेही तेच सांगितले. मग उत्तरेकडच्या दुसऱ्या ब्रिटिश केंद्राच्या नोंदी ताडून पाहिल्या. १९८४ पर्यंत हॅलीवरचा वसंतातला ओझोन आधीच्या दोन-तृतीयांशावर आला होता. फार्मन, शँकलिन आणि त्यांचे सहकारी गार्डिनर यांचा निबंध मे १९८५ मध्ये 'नेचर'मध्ये आला आणि जग हादरले.

तेव्हा अमेरिकेचा निंबस-७ उपग्रह रोज साऱ्या पृथ्वीचा ओझोन मोजत होता. त्याला हे दिसले नाही का? दिसले होते. पण १८० एककांहून कमी आकडा आला की तो संशयास्पद समजून बाजूला काढायचा, अशी संगणकाला आज्ञा होती. अनेकदा सांगितले जाते की ते आकडे फेकून दिले. ते खरे नाही. आकडे जपून ठेवले होते आणि त्यांचा पडताळा चालू होता. म्हणूनच त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नासातील पवन भरतिया या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाला प्राग येथील परिषदेत उपग्रहाची चित्रे मांडता आली. त्यात अंटार्क्टिकाभर पसरलेले भोक स्पष्ट दिसत होते. जपलेली नोंद पुन्हा उघडून पाहता येते, हे या प्रसंगातून घेण्यासारखे आहे.

पण वायू सुटतात मुख्यतः उत्तर गोलार्धात, मग भोक दक्षिण ध्रुवावर का? याचे उत्तर शास्त्रज्ञ सुझन सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये सुचवले. हिवाळ्यात अंटार्क्टिकावरची हवा वाऱ्यांच्या वर्तुळात कोंडली जाते आणि उणे ७८ अंशांखाली उतरते. एवढ्या थंडीत त्या उंचीवरही ढग धरतात. एरवी निरुपद्रवी संयुगांत अडकून पडलेला क्लोरीन या ढगांच्या कणांवर मोकळा होण्याच्या बेतात येतो आणि वसंतातला पहिला सूर्यप्रकाश पडताच ओझोनवर तुटून पडतो. सॉलोमन स्वतः मोहीम घेऊन अंटार्क्टिकातील मॅकमर्डो केंद्रावर गेल्या. पुढच्या वर्षी, १९८७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, चिलीतील पुंता अरेनासहून संशोधन-विमान थेट त्या हवेत शिरले. जेथे क्लोरीनचे संयुग वाढले होते, नेमका तेथेच ओझोन घटला होता. वाद मिटला. मोलिना आणि रोलंड यांना आणि त्यांच्याआधी नायट्रोजन ऑक्साइडांचा ओझोनवरचा परिणाम दाखवणाऱ्या पॉल क्रुट्झन यांना १९९५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आता लक्षात घ्या. विमानाचे निष्कर्ष अजून छापूनही यायचे होते, तेव्हा, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, माँट्रियलचा करार झाला. शंभर टक्के पुराव्याची वाट न पाहता, होणारी हानी भरून न येणारी आहे एवढ्यावर देश एकत्र आले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख, इजिप्तचे मुस्तफा तोल्बा यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. पहिला करार तसा मवाळ होता. क्लोरोफ्लुरोकार्बनचा वापर निम्म्यावर आणायचा, एवढेच त्यात होते. पण त्यात शहाणपणाची एक तरतूद होती. शास्त्रज्ञांनी ठराविक काळाने आढावा घ्यायचा आणि त्यानुसार बंधने कडक करायची. नव्या मोजणीपुढे जुना करार वाकला पाहिजे, हे करारातच लिहिलेले होते.

आणि येथे आपला देश येतो. भारताने माँट्रियलला सही केली नाही. आपल्याकडे तेव्हा फ्रिज असलेली घरे बोटावर मोजण्याइतकी, दरडोई वापर नगण्य. नुकसान केले श्रीमंतांनी, आणि आता स्वस्त तंत्रज्ञान सोडून महागडे घ्यायचे आम्ही? हा प्रश्न रास्त होता. जून १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत पर्यावरणमंत्री मनेका गांधी यांनी तो ठामपणे मांडला, चीननेही मांडला. त्यातून बहुपक्षीय निधी उभा राहिला. पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर, आणि भारत व चीन सामील झाले तर २४ कोटी. गरीब देशांना दहा वर्षांची जादा मुदत तर मूळ करारातच होती. जून १९९२ मध्ये भारत करारात आला. क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन थांबवण्याची मुदत २०१० ची होती. आपण ते १ ऑगस्ट २००८ रोजी थांबवले. दम्याच्या पंपांसाठी तेवढा काही काळ अपवाद ठेवला होता, नंतर तोही संपला. भार उचलणाऱ्याला हात दिला तर तो मुदतीआधी काम करतो, हे भारताने दाखवून दिले. कराराचे ओझोन सचिवालय १९९१ ते २००० या कसोटीच्या काळात के. माधव शर्मा या भारतीयाने सांभाळले, हेही आपण विसरू नये. आज करारात १९८ पक्ष आहेत, म्हणजे जगातला एकही देश बाहेर नाही.

करार झाला म्हणजे तो पाळला जाईलच असे नाही. २०१८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की सीएफसी-११, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बनचा एक प्रकार, हवेतून जितक्या वेगाने कमी व्हायला हवा तितका होत नाही, २०१२ नंतर वेग निम्म्यावर आला आहे. कागदोपत्री तर जगात उत्पादन शून्य होते. पुढच्या वर्षी कोरियातील गोसान आणि जपानमधील हातेरुमा या केंद्रांच्या नोंदींवरून माग काढला, तो पूर्व चीनमधील शांतुंग आणि हपै या प्रांतांकडे गेला. फोम बनवणारे चोरून हा वायू वापरत होते. चीनने कारवाई केली आणि थोड्याच काळात हवेतले आकडे पुन्हा खाली आले. विचार करा, ही केंद्रे नसती तर? सगळे अहवाल निर्दोष दिसले असते आणि वर आकाशात चोरी चालू राहिली असती.

मग ओझोन आज कसा आहे? घातक वायूंपैकी जवळपास ९९ टक्के वापरातून गेले. पण गेलेला वायू हवेतून लगेच जात नाही. सीएफसी-११ सुमारे पन्नास वर्षे टिकतो, सीएफसी-१२ सुमारे शंभर. म्हणून भरपाई सावकाश आहे. २०१६ मध्ये सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की २००० पासून सप्टेंबरातले भोक सरासरीने ४० लाख चौरस किलोमीटरहून अधिक आटले. एखाद्या वर्षी ते मोठे होते, एखाद्या वर्षी लहान. २०१९ मध्ये ते फार लहान होते, तर २०२० ते २०२३ ही वर्षे वाईट गेली. एका वर्षाच्या आकड्याने हुरळू नये आणि घाबरूही नये. करार असाच पाळला गेला, तर १९८० ची पातळी जगाच्या बहुतेक भागात २०४० च्या सुमारास, उत्तर ध्रुवावर २०४५ च्या आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास परत येईल, असा शास्त्रज्ञांचा ताजा आढावा सांगतो.

आता तापमानाशी असलेल्या त्या संबंधाकडे वळतो. क्लोरोफ्लुरोकार्बनच्या जागी आलेले हायड्रोफ्लुरोकार्बन ओझोनला त्रास देत नाहीत, पण उष्णता मात्र भरपूर अडवतात. म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातील किगाली येथे करार आणखी वाढवला. तो नीट पाळला तर शतकअखेरीस अर्ध्या अंशापर्यंत तापमानवाढ टळेल. भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला. आपल्याला २०२८ पासून वापर गोठवायचा आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे. उन्हाळे तापत आहेत, घरोघरी एसी लागत आहेत, म्हणून हे काम सोपे नाही. पण अशक्यही नाही. सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यात गोदरेजने २०१२ मध्येच प्रोपेन वायूवर चालणारे एसी बनवले. प्रोपेन ओझोनला लागत नाही आणि पृथ्वीलाही तापवत नाही म्हटले तरी चालेल.

आणि कारखान्याइतकेच हे काम मेकॅनिकच्या हातात आहे. गल्लीतल्या एखाद्या घरातला एसी थंड करीत नाही. मेकॅनिक येतो, पाना लावतो, उरलेला गॅस हवेत सोडून देतो आणि नवा भरतो. कधी तर गळती न शोधता नुसता टॉप-अप करून जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येतो. दीड टनाच्या एसीत साधारण एक किलो गॅस असतो. तो आर-२२ हा जुना वायू असेल, तर ओझोनचे नुकसान होतेच, शिवाय तो एक किलो सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो. चांगला कारागीर काय करतो? रिकव्हरी मशीन लावून गॅस सिलिंडरमध्ये परत घेतो, गळती शोधून ती ब्रेझिंगने बुजवतो, व्हॅक्यूम पंप लावून नळ्या कोरड्या करतो आणि वजनकाट्यावर ठेवून नेमका गॅस भरतो. किती काढला आणि किती भरला, हे लिहून ठेवतो. यासाठी हजारो मेकॅनिकांना देशभर प्रशिक्षण दिले गेले आहे. पण त्यांचे कौशल्य वापरायचे की नाही, हे अखेर गिऱ्हाईक ठरवते. अर्धा तास जास्त लागेल आणि चार पैसे जास्त पडतील, एवढेच.

शेतीकडेही वळावे लागेल. आज ओझोनला सर्वाधिक हानी पोहोचवणारे उत्सर्जन नायट्रस ऑक्साइडचे आहे, हे शास्त्रज्ञ ए. आर. रविशंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले. हा वायू माँट्रियल करारात नाही. त्याचा मोठा वाटा नत्रखतांतून येतो. उसाला लागतो त्याहून जास्त युरिया टाकला, तर पैसा जातो, जमीन बिघडते आणि त्यातला काही भाग वायू होऊन थेट ओझोनपर्यंत पोहोचतो. माती परीक्षण करून खत देणे हा शेतकऱ्याच्या फायद्याचा सल्ला आहेच. त्यात आकाशाचाही फायदा आहे.

श्रोतेहो, या गोष्टीतून मला एक चिंता जाणवते. ओझोनचा प्रश्न सुटला, असे म्हणण्याचा मोह सरकारांना होतो आहे. प्रश्न सुटला की पहिली कात्री लागते ती मोजणीला. ओझोन आणि क्लोरीन यांचा उंचीनुसार हिशोब ठेवणारा नासाचा ऑरा उपग्रह २००४ मधला आहे. त्याचे आयुष्य संपत आले आहे. जमिनीवरची केंद्रे चालवायला माणसे, सुटे भाग आणि निधी लागतो. हे बंद पडले तर २०६६ साली थर भरून आला की नाही, हे सांगायला कोणी उरणार नाही. आणि कोणी पुन्हा चोरी केली, तर ती पकडली जाणार नाही.

म्हणून तुमच्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत. वेधशाळेच्या, उपग्रहाच्या आणि अंटार्क्टिकातील केंद्राच्या मोजणीसाठी सरकार जो पैसा खर्च करते, तो वायफळ आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला हॅलीची गोष्ट सांगा. आणि पुढच्या वेळी एसी किंवा फ्रिजची दुरुस्ती होईल तेव्हा मेकॅनिकला विचारा, 'जुना गॅस परत घेता का? किती काढला आणि किती भरला, ते बिलावर लिहून द्याल का?' तो नाही म्हणाला, तर दुसरा मेकॅनिक शोधा.